येऊन गेलेल्यांची यादी

कार्बनकाकांना हे नाव पडलं तेव्हा ते कुणाचे काकाबिका नव्हते. बावीस वर्षांचे काटकुळे टायपिस्ट होते. हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात टाइपरायटरला तीन कागद आणि दोन कार्बन लावून दिवसभर नावं बडवत बसायचे. इतरांची तिसरी प्रत वाचायला भिंग लागायचं. यांची तिसरी प्रत मात्र अशी ठसठशीत, की मूळ कुठलं आणि प्रत कुठली यावरून दोघांची जुंपावी. तेव्हाच्या हेडक्लार्कने हाक मारायला नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, कार्बन पेपर गेला, हेडक्लार्कही गेला. काका जिथल्या तिथे राहिले. काम तेच होतं, फक्त प्रत आता कागदाची नव्हती.

ते काम काय होतं हे सांगायला हवं, कारण काकांच्या बायकोलासुद्धा ते कित्येक वर्षं धड कळलं नव्हतं, आणि ती शाळेत गणित शिकवायची. हॉस्पिटलमध्ये एक मूळ डेटाबेस होता. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, कोण आलं, कोणाला कुठली खाट दिली, कुठला डॉक्टर बघतोय, सगळं त्यात. आणि त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर होती. ती चौकशीच्या खिडकीसाठी. खिडकीपुढे नातेवाइकांची रांग सकाळी जी लागायची ती संध्याकाळपर्यंत हटायची नाही. त्या प्रत्येकासाठी मुळात शोधत बसलं असतं तर तिकडे डॉक्टरांची कामं अडली असती. म्हणून खिडकीने प्रतीत बघायचं, आणि मुळात जो बदल होईल तो प्रतीत उतरतोय ना, हे काकांनी बघायचं. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपला जायचा, आणि लॉगमधून एकेक उचलून प्रतीत लावला जायचा.

दुखणं तिथेच होतं. मुळात बदल व्हायचे ढिगाने आणि प्रतीत लागायचे एकेक करून. सकाळी अकराच्या सुमारास प्रत चांगली पन्नास मिनिटं मागे पडलेली असायची. खिडकीवर सांगायचे, "खाट नंबर चौदा," आणि चौदावरचा माणूस तासाभरापूर्वीच ऑपरेशनला गेलेला असायचा. एक गृहस्थ तर भलत्याच्याच पायाशी बसून दहा मिनिटं रडले, आणि तो रुग्ण संकोचाने त्यांना पाणी विचारत होता. लोक खिडकीवरच्या चष्मेवाल्या बाईंना बोलायचे, बाई काकांना बोलायच्या, मोठे साहेब दोघांनाही. काकांच्या नाकी नऊ आले होते.

मग त्यांनी महिनाभर डोकं लावलं. त्यांना दिसलं, की एकाच माणसाच्या एकाच नोंदीत पाच मिनिटांत आठ-नऊ बदल होतात. नावातली चूक सुधारली, वय घातलं, डॉक्टर बदलला, खाट दिली, ती बदलली, पुन्हा पहिलीच दिली. प्रत बिचारी हे सगळं ओळीने करत बसायची, आणि शेवटी टिकायचा फक्त नववा बदल. मग मधले आठ करायचेच कशाला? काकांनी ठरवलं, बदल एकेक करून लावायचाच नाही. पाच मिनिटांचे सगळे गोळा करायचे, प्रत्येक नोंदीचं शेवटी काय झालं तेवढं ठेवायचं, मधलं सोडून द्यायचं, आणि राहिलेला गठ्ठा एका दमात प्रतीत ओतायचा. आणि एखादी नोंद त्याच पाच मिनिटांत आलीही आणि पुसलीही गेली असेल, तर तिचं काहीच करायचं नाही. एक अधिक, एक उणे, उरलं शून्य. या शेवटच्या युक्तीवर काका भारी खूश होते. घरी जेवताना दोनदा सांगितली.

पन्नास मिनिटांची सहा मिनिटं झाली. खिडकीपुढची रांग अर्ध्यावर आली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, काकांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला आणि भाषणात त्यांचं नाव दोनदा घेतलं, एकदा चुकीचं. काकांना चेव आला. त्यांनीच मग सुचवलं, की प्रत मागे पडायची तेव्हा मुळाचा लॉग पंधरा दिवस जपून ठेवावा लागायचा. आता प्रत सहा मिनिटांत मुळाला गाठते, तर तीन दिवसांचा लॉग पुरे. साहेबांनी तिथल्या तिथे मान डोलावली. या सगळ्याला चार महिने झाले.

एका बुधवारी सकाळी दहा वाजता खिडकीपुढे पन्नाशीची एक बाई येऊन उभी राहिली. तिचा नवरा कुलूपवाला होता. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्याचं लाकडी खोकं होतं, तिथे तो चाव्या करून द्यायचा. मंगळवारी सकाळी कुणाचं तरी दार उघडेना म्हणून त्याला बोलावणं आलं, तो चाव्यांची पिशवी घेऊन गेला आणि परत आला नाही. चौकात एका माणसाला टेम्पोने उडवल्याचं फळवाल्याने पाहिलं होतं. लोकांनी त्याला उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलं, एवढंच फळवाला सांगू शकला. मोठं हॉस्पिटल म्हणजे हेच.

चष्मेवाल्या बाईंनी नाव विचारलं, शोधलं आणि म्हणाल्या, "नाही."

"नीट बघता का?"

बाईंनी पुन्हा बघितलं. "नाही हो. या नावाचं कोणी आलेलं नाही."

ती गेली. गुरुवारी दहाला पुन्हा आली. शुक्रवारी पुन्हा. भांडली नाही, रडली नाही, आवाजही चढवला नाही. तेच नाव, तोच प्रश्न, आणि नाही म्हटल्यावर काचेतून पलीकडे बघत राहायची. काचेपलीकडे, चष्मेवाल्या बाईंच्या पाठीमागे, काकांचं टेबल होतं. शुक्रवारी काकांना ते बघणं सोसेना. ते जागेवरूनच म्हणाले, "बाई, इथे नोंद नाही म्हणजे ते इथे आलेच नाहीत. माणसं चुकतात, मशीन चुकत नाही. दुसरीकडे शोधा."

ती म्हणाली, "बरं." शनिवारी दहाला पुन्हा आली.

काका तसे घाबरट नव्हते. शवागाराशेजारच्या खोलीत बसून त्यांनी दोन वर्षं जुनी रजिस्टरं उतरवून काढली होती, आणि डबाही तिथेच खाल्ला होता. पण या बाईने त्यांची पाठ धरली. दहाला पाच कमी असताना त्यांचा हात कीबोर्डवर थांबायचा. रविवारी सुटी होती, तरी घरी दहा वाजता त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ती आता खिडकीत असेल हे त्यांना कळलं. सोमवारी चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, की हो, आली होती. आपण काही चूक केलेली नाही, मग हे काय मागे लागलंय, म्हणून काका स्वतःवरच चिडले. त्यांनी टेबल सरकवून भिंतीकडे तोंड केलं. मग ती नजर पाठीवर जाणवायला लागली, ते त्याहून वाईट झालं.

नवव्या सकाळी, म्हणजे गुरुवारी, तिने नाव सांगितलं नाही. म्हणाली, "नाव सोडा. बेशुद्ध माणूस नाव कसं सांगणार? ज्याच्याजवळ चाव्यांची पिशवी होती, असं कुणी आलं होतं का ते बघा."

"अनोळखी म्हणून?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "थांबा, येऊन गेलेल्यांच्या यादीत बघते." त्यांनी यादी उघडली, आणि खुर्ची मागे ढकलून सहज, अगदी सहज म्हणाल्या, "काका, ही यादी चार महिने रिकामीच दिसतेय हो. आताशा येऊन गेलेलं कोणी नसतं वाटतं?"

काका उठून त्यांच्या पडद्यापाशी गेले.

ही यादी काकांनीच सहा वर्षांपूर्वी केली होती. कॅज्युअल्टीतल्या कारकुनांची एक पद्धत होती. कोणी आलं की नोंद करायची. पण जखम मोठी असली आणि आपल्याकडे उपाय नसला, तर डॉक्टर उभ्या उभ्या बघून माणसाला दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवून द्यायचे. अशी नोंद तशीच ठेवली तर खाट भरलेली दिसायची, म्हणून कारकून ती सरळ पुसून टाकायचे. नियमात हे कुठेच नव्हतं, पण खाट अडवून ठेवल्याबद्दल शिव्या खाण्यापेक्षा ते बरं. मग नातेवाईक यायचे आणि माणसाचा पत्ताच नसायचा. म्हणून काकांनी प्रतीत एक सोय केली होती. आलेली नोंद पुसली जाताना दिसली, की प्रतीने ती आपणहून या वेगळ्या यादीत टिपून ठेवायची. कितीतरी घरांना त्या यादीमुळे आपली माणसं सापडली होती. तेव्हा कोणी चहा पाजला नव्हता.

आणि काकांनी स्वतःच्या हाताने गठ्ठ्याला सांगितलं होतं, की पाच मिनिटांत जी आली आणि गेली ती नोंद सोडून दे. ती प्रतीपर्यंत आलीच नाही, तर प्रत पुसली गेलेली कुठून बघणार? जे उभ्या उभ्या पाठवले जात तेच नेमके पाच मिनिटांत येऊन जात. सहा वर्षांपूर्वीची आपली यादी काका साफ विसरले होते.

त्यांनी बाईला थांबायला सांगितलं आणि लॉग उघडला. तीन दिवसांचा होता. नऊ दिवसांपूर्वीच्या मंगळवारचा लॉग कधीच नव्या लॉगखाली गेला होता. पंधरा दिवसांचा असता तर सगळं तिथे असतं, वेळ, वर्णन, कुठे पाठवलं ते. तीन दिवस पुरे, असं ज्याने सुचवलं होतं त्याला ते चार शिव्या घालणार होते, पण तेही तेच होते.

मग त्यांनी मूळ डेटाबेसात त्या मंगळवारच्या नोंदी काढल्या. कॅज्युअल्टीतल्या प्रत्येक नोंदीला मशीन ओळीने क्रमांक देतं, आणि पुसलेल्या नोंदीचा क्रमांक पुन्हा कुणाला देत नाही. अकरा बेचाळीसला आलेल्या मुलीचा क्रमांक एक्केचाळीस हजार आठशे सहा. अकरा चव्वेचाळीसला आलेल्या म्हाताऱ्याचा एक्केचाळीस हजार आठशे आठ. मधला सात नव्हता. अकरा त्रेचाळीसच्या सुमारास कोणीतरी आलं होतं, त्याची नोंद झाली होती आणि ती पुसली गेली होती.

काका त्या दोन ओळींमधल्या जागेकडे बघत राहिले. तिथे खरं तर जागाही नव्हती, एकाखाली एक लागून ओळी होत्या. पण त्यांना ती दिसायला लागली. त्यांनी चार महिन्यांच्या नोंदी वरपासून खालपर्यंत चाळल्या. असे दोनशे बारा क्रमांक नव्हते. काही टायपिंगच्या चुका असतील, काही दुबार नोंदी असतील. बाकीचे? खिडकीपुढे येऊन "नाही" ऐकून परत गेलेल्या चेहऱ्यांतला एकही त्यांना आठवेना, आणि आठवत नव्हता म्हणून प्रत्येक चेहरा त्यातलाच वाटायला लागला.

ते खाली कॅज्युअल्टीत गेले. "मागच्या आठवड्यात मंगळवारी पावणेबाराला कुणाला पुढे पाठवलं का?"

कारकुनाने कपाळाला हात लावला. "काका, इथे दिवसाला दोनशे माणसं येतात, आणि तुम्ही मंगळवारचं आज विचारताय. पाठवलं असेल तर नोंद काढली असेल. तुमच्याकडे ती यादी असते ना?"

"असते," काका म्हणाले.

वर आले तोवर बाई निघून गेली होती. चष्मेवाल्या बाईंनी तिला सांगून टाकलं होतं, की यादीतही नाही.

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. बायकोने ताट परत आत नेलं, पेपर तपासायचे बाजूला ठेवले आणि समोर येऊन बसली. काकांनी सगळं सांगितलं. या खेपेला तिला सगळं कळलं.

"म्हणजे उत्तर बरोबर आलं," ती म्हणाली. "शून्य."

"बरोबरच आहे गं. मुळातही तो नाही, प्रतीतही नाही. दोन्ही अगदी हुबेहूब."

"मी पोरांना घसा फोडून सांगते, उत्तर शून्य आलं तरी पायऱ्या लिहा. मार्क पायऱ्यांना असतात. आणि तुम्ही घरात बसून..." ती थांबली. त्यांचा चेहरा बघून तिने पुढचं गिळलं. "आता काय करणार आहात?"

"साहेबांना सांगावं लागेल. मग ते काय म्हणतील ते..."

"साहेब कुठे पळून जातायत? आधी तिला सांगा."

शुक्रवारी काका साडेआठलाच गेटवर गेले. रुग्णवाहिका बाहेर पडली की वॉचमन आपल्या वहीत टिपून ठेवायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. एकदा गाडी उशिरा सोडल्याचा आळ त्याच्यावर आला होता, तेव्हापासून तो लिहायचा. त्या मंगळवारच्या पानावर वाकड्या अक्षरात होतं: अकरा एक्कावन्न, गाडी तीन, नदीपलीकडचं मेंदूचं हॉस्पिटल, पुरुष. काका ती ओळ तीनदा वाचून गेटवरच उभे राहिले. दहाला पाच कमी असताना ती समोरून येताना दिसली. तिने खिडकीकडे जायच्या आत काकांनी तिला गाठलं.

तिने इतर दोन हॉस्पिटलं पालथी घातली होती, पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवले होते. नदीपलीकडे मात्र ती गेली नव्हती. मेंदूच्या हॉस्पिटलात रस्त्यावरून थेट कोणाला घेत नाहीत, मोठ्या हॉस्पिटलातूनच पाठवतात, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि मोठ्या हॉस्पिटलात तर तो आलाच नव्हता. तसं खिडकीनेच सांगितलं होतं. तिकडच्या लोकांनी आपल्या भागातल्या ठाण्यात अनोळखी म्हणून कळवलं होतं, आणि त्या ठाण्याचं या ठाण्याशी बोलणं नव्हतं.

काका तिच्याबरोबर नदीपलीकडे गेले. तिथे चाव्यांची पिशवी एका कपाटात चिठ्ठी लावून ठेवली होती. ती तिने ओळखली. मग शवागारात नेलं, तिथेही तिने ओळखलं. सोमवारी पहाटे गेला होता.

तिथली एक नर्स तिच्याशी बोलायला थांबली. भली बाई होती, धीर द्यावा म्हणून सांगत होती. "त्रास फार नव्हता हो त्यांना. बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडायचे. हात सारखा असा फिरवायचे." तिने मनगट वळवून दाखवलं. "आम्हाला कळेना काय म्हणायचंय. नंतर पिशवी बघितल्यावर लक्षात आलं, किल्ली फिरवतायत. आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचे. माणूस खाटेपाशी येईपर्यंत बघायचे. मग तो दुसऱ्याच खाटेकडे गेला, की डोळे मिटायचे."

काका भिंतीला टेकले. असलं काही ऐकायची पाळी आपल्यावर येईल असं त्यांना साऱ्या नोकरीत वाटलं नव्हतं, आणि कानांवर हात ठेवायची सोयही नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर बाई म्हणाली, "सोमवारी गेले. मी बुधवारपासून येते."

"हो."

"बुधवारीच कळलं असतं तर?"

"पाच दिवस मिळाले असते," काका म्हणाले. हा आकडा त्यांनी शवागारातून बाहेर येतानाच मोजला होता. काल संध्याकाळी त्यांनी वाया गेलेले नऊ दिवस मोजले होते, तेव्हा तो जिवंत असेल अशी आशा होती.

"कुणी केलं हे?"

कारकुनाचं नाव घेता आलं असतं. नोंद त्याने पुसली होती, आणि ते खरंही होतं. काका म्हणाले, "मी." आणि पायरीवर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. लॉग, गठ्ठा, पाच मिनिटं, यादी. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"तुम्ही म्हणाला होता, मशीन चुकत नाही."

"नाहीच चुकलं. मी सांगितलं तेच त्याने केलं."

ती पायऱ्या उतरायला लागली. शिव्या दिल्या असत्या, तर काकांना ते सोपं गेलं असतं.

शनिवारी त्यांनी ती चूक सुधारली. कॅज्युअल्टीच्या नोंदी गठ्ठ्यात आवळायच्या नाहीत, त्या आल्या तशा, गेल्या तशा, एकेक लावायच्या, बाकी सगळं गठ्ठ्याने चालू दे. अकरा मिनिटांचं काम होतं. प्रत सहा मिनिटं मागे असायची ती सात मिनिटं मागे राहायला लागली. खिडकीपुढच्या एकाही माणसाला फरक कळला नाही. सगळं मातेरं झालं ते एका मिनिटासाठी, हे बघून काका स्वच्छतागृहात गेले आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभे राहिले.

मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं. "झालं ते वाईट झालं. दुरुस्तीही झाली. आता लेखी कशाला देता? उगाच आपल्याच पायावर धोंडा..." त्यांनी हात हलवला. "बघा बुवा." काकांनी दीड पानी लेखी दिलं. दोन वर्षं नोकरी उरली होती, साहेबांनी त्यांना हलवलं नाही, पण त्यांच्याशी हसून बोलणं तेव्हापासून बंद झालं ते झालंच.

मग काका वॉचमनची वही आणि दोनशे बारा क्रमांक घेऊन बसले. रोज जेवणाच्या सुटीत दहा-बारा गायब क्रमांक, प्रत्येकाच्या आगेमागच्या वेळा, आणि वहीत त्या वेळेला बाहेर पडलेली गाडी. एकोणसाठ जुळले. चष्मेवाल्या बाई त्या त्या हॉस्पिटलात फोन लावायच्या. बरेचसे बरे होऊन घरी गेले होते. काहींच्या घरच्यांना उशिरा का होईना पत्ता लागला होता. सात जणांचा कुणालाच पत्ता लागला नव्हता, त्यांच्यासाठी ठाण्यांना पत्रं गेली. आणि एकशे त्रेपन्न क्रमांक तसेच राहिले. काकांना आताशा रस्त्यात कुठेही ओळीने माणसं उभी दिसली, की दोघांच्या मधे ते एक जागा बघायचे. बसच्या रांगेत त्यांनी एकदा कुणी नसलेल्याला "पुढे व्हा" म्हटलं. बायको बरोबर होती, तिने त्यांचा दंड धरला.

तीन आठवड्यांनी कुलूपवाल्याची बायको आली. खिडकीकडे न जाता सरळ काकांच्या दाराशी येऊन उभी राहिली. काका उठले.

"एक काम होतं," ती म्हणाली. "होणार नसेल तर नाही सांगा, मला आता सवय झालीय."

"बोला ना."

"नऊ दिवस मी त्या खिडकीत त्यांचं नाव घेतलं. नऊ दिवस नाही ऐकलं. ते नाही कानातून जात नाहीये. मला एकदा तिथे हो ऐकायचंय."

मूळ डेटाबेसात लिहायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि असता तरी महिन्याभरापूर्वीची नोंद आज घालता आली नसती. प्रतीत मात्र त्यांना लिहिता येत होतं. मुळात जे नाही ते प्रतीत लिहायचं, हे त्यांनी चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. तसं होऊ न देण्यासाठीच तर पगार मिळत होता. शिवाय रोज दुपारी तीनला मूळ आणि प्रत यांची पडताळणी लागायची, जास्तीचं जे सापडेल ते काढून टाकायची. लिहिलं तरी ते तीनपर्यंतच टिकणार होतं. काकांनी हे तिला सांगितलं.

"तीनपर्यंत चालेल," ती म्हणाली.

काका बसले. क्रमांक, एक्केचाळीस हजार आठशे सात. वेळ, अकरा त्रेचाळीस. मग त्यांनी तिला नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं, आणि एकेक अक्षर बघून घातलं. त्यांनी चष्मेवाल्या बाईंना काहीच सांगितलं नाही.

ती बाहेर जाऊन रांगेत उभी राहिली. पुढे सहा जण होते. तिचा नंबर आल्यावर तिने नाव सांगितलं. चष्मेवाल्या बाईंनी तिला ओळखलं, त्यांचा चेहरा पडला, त्या काहीतरी समजुतीचं बोलणार होत्या. पण बोटांना सवय होती, त्यांनी नाव टाकलं, आणि पडद्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला.

"हो," त्या म्हणाल्या. "आहेत. अकरा त्रेचाळीसला आलेत."

बाईने काचेला हात लावला. "भेटायची वेळ काय?"

चष्मेवाल्या बाईंनी मागे वळून काकांकडे बघितलं. शेवटी चष्मेवाल्या बाईच म्हणाल्या, "चार ते सहा."

"बसते मग," ती म्हणाली, आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली.

काका धावत बाहेर आले. आपण हे काय करून बसलो, या बाईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही आणि त्यालाही आपणच कारण, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. ते तिच्यासमोर वाकून उभे राहिले.

"घाबरू नका हो," ती म्हणाली. "मला सगळं माहीत आहे. मीच ताब्यात घेतलंय त्यांना, मीच पोचवलंय. पण त्या नऊ दिवसांत मला कुणी वेळसुद्धा सांगितली नाही. बाकीच्या बायकांना सांगायचे, चारला या. त्या इथे बसून राहायच्या आणि मी घरी जायची." तिने पिशवी मांडीवर घेतली. "आज बसते चार वाजेपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. काका तिच्या शेजारी बाकावर बसले. आत त्यांचा फोन दोनदा वाजला, चष्मेवाल्या बाईंनी उचलून साहेबांना सांगितलं, की काका जागेवर नाहीत. तीन वाजता पडताळणी लागली आणि जास्तीची एक नोंद काढून संपली. दोघांपैकी कोणी उठून बघायला गेलं नाही. चारला वॉर्डांची दारं उघडली, बाकांवरची माणसं डबे-पिशव्या घेऊन एकदम उठली आणि आत गेली. ती दोघं बसून राहिली.